डुकराचे फुप्फुस आणि माणसाचे औषध



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेला माणूस बोलावयास उभा राहिला की तो पगारवाढ, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी डुकरांच्या फुप्फुसाच्या रोगावर बोलणार आहे. विषय ऐकून कोणाला हसू येईल, कोणाला किळस वाटेल. आपल्याकडे 'डुक्कर' हा शब्द प्राण्यासाठी कमी आणि शिवीसाठी अधिक वापरला जातो. मी पशुवैद्य नाही, डॉक्टर नाही. शाळा सुटल्यावर जे शिकलो ते वाचनालयांतून आणि जाणकारांना प्रश्न विचारून. तेव्हा मला जे समजले, ते माझ्यासारख्याच सामान्य माणसाला समजेल अशा शब्दांत आपणांपुढे ठेवतो.

हा विषय निवडण्याची कारणे दोन. पहिले असे की, आपल्या मराठवाड्यात कैकाडी, वडार यांसारख्या समाजांतील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळली आणि त्यावर पोट भरले. आता २०२१ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाच्या प्रकल्पाला ५० टक्के भांडवली अनुदान मिळू लागल्याने नोकरी न मिळालेले शिकलेले तरुणही या धंद्याकडे वळू लागले आहेत. गावभर मोकळी हिंडणारी डुकरे वेगळी आणि एका शेडमध्ये शेकड्यांनी कोंडलेली डुकरे वेगळी. कोंडले की फुप्फुसाचा रोग आलाच. दुसरे कारण असे की, त्या शेडमध्ये कोणते औषध कसे वापरले जाते, याचा संबंध आपल्या घरातल्या न्यूमोनिया झालेल्या मुलाला दिलेले इंजेक्शन लागू पडेल की नाही, या प्रश्नाशी आहे. हा संबंध कसा, तेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. दोन-चार महिन्यांचे पिलू खोकू लागते, खाद्य सोडते, अंगात ताप भरतो, पोट उडवीत धापा टाकते. पुष्कळदा ते मरत नाही, पण वजनही धरत नाही. चारलेले खाद्य फुकट जाते. काही वेळा मात्र रोग एवढा तीव्र असतो की सकाळी धडधाकट दिसलेले जनावर संध्याकाळी नाकातोंडातून रक्ताळलेला फेस येऊन मरून पडते. पाळणारा विचारतो, "कोणत्या जंतूने केले?" या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा एका नावात देता येत नाही. फुप्फुसाचा हा रोग एकट्या जंतूचे काम क्वचितच असतो. एक दार उघडतो, दुसरा आत शिरतो, तिसरा घर लुटतो.

हे कसे घडते? श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते सारखे हलत असतात आणि धूळ, कफ, जंतू यांना वर घशाकडे लोटीत असतात. हे फुप्फुसाचे सफाई कामगार म्हणावेत. गावात सफाई कामगारांचे काम चार दिवस बंद पडले तर काय होते, ते आपण जाणता. फुप्फुसातही तेच होते. बंदिस्त शेडमध्ये मुताचा उग्र वायू, म्हणजे अमोनिया, कोंडला की हे केस लुळे पडतात. मायकोप्लाझ्मा नावाचा एक जंतू नेमका या केसांना चिकटतो आणि ते नष्ट करतो. काही विषाणू फुप्फुसातल्या पहारेकरी पेशींनाच मारतात. भारतात २०१३ मध्ये मिझोरममध्ये प्रथम आढळलेला 'पीआरआरएस' हा डुकरांचा विषाणुरोग त्यातलाच. सफाई बंद, पहारा गारद, अशी स्थिती झाली की नाकाघशात आजवर गुमान राहिलेला पाश्चुरेला हा जंतू खाली उतरतो आणि फुप्फुसात पू धरतो.

पाश्चुरेला हे नाव परके वाटले तरी हा जंतू आपल्या परिचयाचा आहे. गाईम्हशींना पावसाळ्याच्या तोंडी होणारा घटसर्प याच जातीच्या जंतूने होतो. त्याचा वाण तेवढा निराळा. घटसर्पाची लस मृगाच्या आधी टोचून घ्यावी, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आधीच का? कारण हा जंतू काही निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशातही बसलेला असतो. उन्हाळाभर चारा तुटलेला, अंगावर पहिला पाऊस, त्यात औताचे ओझे, असे झाले की तो उसळतो. जनावराची हलाखी ही त्याची संधी होय. डुकराच्या शेडमध्ये गर्दी, ओल, कोंडलेली हवा आणि लवकर आईपासून तोडलेली पिले ही त्याची तशीच संधी.

अनेकांनी मिळून रोग करावयाचा, ही गोष्ट शास्त्रात प्रथम डुकरांवरच नीट सिद्ध झाली. १९१८ मध्ये अमेरिकेतील आयोवा प्रांतात डुकरांत खोकल्या-तापाची मोठी साथ आली. त्याच सुमारास माणसांत इन्फ्लुएन्झा थैमान घालीत होता. कोएन नावाच्या सरकारी पशुनिरीक्षकाने या साथीलाही 'फ्लू' म्हटले, तेव्हा मांसाचा भाव पडेल म्हणून डुक्करवाले त्याच्यावर संतापले. पुढे रिचर्ड शोप या संशोधकाने या रोगाचा माग काढला. आजारी डुकराच्या फुप्फुसातला स्राव जंतू अडकतील अशा गाळणीतून गाळून त्याने निरोगी डुकरांना दिला. आजार आला, पण सौम्य. त्या फुप्फुसात सापडणारा जंतू एकटा दिला. काहीच झाले नाही. दोन्ही मिळून दिले तेव्हा मूळचा भयंकर रोग उभा राहिला. १९३१ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. गाळणीतून गेलेला तो विषाणू होता. विषाणू आणि जंतू, दोघे एकेकटे दुबळे, जोडीने मारक.

माणसांच्या बाबतीत १९१८ साली मुंबईत काय झाले, ते कामगार चळवळीच्या माणसाने विसरता कामा नये. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन इस्पितळात दाखल झाले. तेथून ताप गोदीत, गिरण्यांत, चाळींत पसरला. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट न्यूमोनिया घेऊन आली. त्या वेळच्या मृतांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले गेले आणि विविध देशांतील नोंदीही पाहिल्या गेल्या. बहुतेक मृत्यू विषाणूच्या मागोमाग आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने झाले, असे २००८ मध्ये मांडले गेले. आता मुंबई शहराचे त्या वर्षीचे आकडे पाहा. युरोपियनांत हजारी ८.३ माणसे मेली. ज्यांना सरकारी कागदांत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले होते त्यांच्यांत हजारी ६१.६. विषाणू एकच, शहर एकच. फरक होता तो खोलीत किती माणसे निजतात, खिडकी आहे की नाही, पोटात काय आहे, याचा. हवा, जागा आणि अन्न यांचा दुष्काळ हाही त्या मृत्यूंतला एक भागीदार होता.

२००९ मध्ये पुन्हा फ्लूची जागतिक साथ आली. तिला लोकांनी 'स्वाइन फ्लू' म्हटले, आणि भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा झाला. तो विषाणू डुकरांतल्या विषाणूंपासून घडलेला होता हे खरे. परंतु साथ पसरली ती माणसाकडून माणसाकडे. गावातल्या डुक्करवाल्याचा तीत काही दोष नव्हता. अमेरिकेत त्या साथीतील ७७ मृतांच्या फुप्फुसांचे नमुने तपासले, तेव्हा २२ जणांत विषाणूच्या जोडीला जंतूही सापडले. शोपने डुकरांत पाहिलेली जोडी माणसांत पुन्हा दिसली.

आता औषधाकडे वळू. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलीन दिसले. आपल्या महाराष्ट्रात पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलीन येण्यापूर्वी साध्या जखमेने आणि न्यूमोनियाने धडधाकट माणसे जात. जे औषध धनिकालाही विकत मिळत नव्हते, ते कामगारांच्या हातांनी बनून खेड्यातल्या दवाखान्यात पोहोचले. म्हणूनच मी या औषधांना लोकांची सामाईक मिळकत समजतो.

पण ही औषधे काम कसे करतात, हे समजले पाहिजे. जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते. पेनिसिलीन ती भिंत बांधू देत नाही; जंतू फुटतो. माणसाच्या किंवा डुकराच्या पेशीला अशी भिंत नसल्याने तिला इजा होत नाही. परंतु मघाशी सांगितलेल्या मायकोप्लाझ्मालाही भिंत नसते! तेव्हा पेनिसिलीन त्याला काहीएक करू शकत नाही. विषाणूवर तर यांतले कोणतेच औषध चालत नाही, कारण जंतूंचे जे कारखाने ही औषधे बंद पाडतात, ते विषाणूपाशी नसतातच.

आता एका शेडची कल्पना करा. पिले खोकत आहेत. त्यांच्या फुप्फुसात विषाणू आहे, मायकोप्लाझ्मा आहे, पाश्चुरेला आहे आणि वर अमोनियाचा मारा आहे. मालक पेनिसिलीन टोचतो. पाश्चुरेला थोडा मागे हटतो, खोकला राहतोच. मालक म्हणतो, औषध हलके होते. दुकानदार दुसरे देतो. तेही चार दिवस. मग तिसरे, या वेळी खाद्यात मिसळून सगळ्या कळपाला, आजारी असो वा नसो. रोग भागीदारीचा आणि उपचार एकेकट्यावर, तोही अंदाजाने. त्यामुळे औषधांची रांग लागते. आणि अशा प्रत्येक फेरीत एक गोष्ट हटकून घडते.

ती गोष्ट घनसावंगीच्या कापूस उत्पादकाला मी वेगळी सांगण्याची गरज नाही. २००२ मध्ये बीटी कापूस आला, तेव्हा बोंडअळीची कटकट मिटली असे वाटले. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने त्याच कापसाची बोंडे पोखरली. अळीने हे कोठे शिकून घेतले नव्हते. लाखो अळ्यांत ज्या थोड्यांना ते विष बाधत नव्हते, त्या जगल्या. बाकीच्या मेल्याने रान त्यांना मोकळे मिळाले. त्यांचीच वीण वाढली. जंतूंचे असेच होते, फरक इतकाच की अळीची पिढी महिन्याची आणि कित्येक जंतूंची पिढी अर्ध्या तासाची. औषध जितके अधिक, जितके अर्धवट आणि जितके विनाकारण, तितके रान औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंना मोकळे. अपुऱ्या मात्रेचा हा धोका फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच सांगून ठेवला होता.

येथे जंतू अळीच्याही पुढे जातात. अळीची प्रतिकारशक्ती तिच्या पोरांना मिळते. जंतूची शेजाऱ्यालाही मिळते. १९५९ मध्ये जपानात ओचिआई आणि अकिबा यांनी दाखविले की, औषधाला न जुमानण्याचा गुण एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो, आणि तोही एकाच वेळी अनेक औषधांच्या बाबतीत. जणू किल्ल्यांचा जुडगाच हातोहात दिला. अमेरिकेत २००५ मध्ये एका वासरातून मिळालेल्या पाश्चुरेलाची पुढे तपासणी झाली, तेव्हा त्याच्यापाशी असे बारा गुण एकाच जुडग्यात गुंफलेले आढळले. असा जुडगा असला की बारांपैकी एकच औषध वापरले तरी बाराही गुण टिकून राहतात.

मग डुकरांतून माणसांत हे येते कसे? एक ताजे उदाहरण देतो. कोलिस्टिन हे जुने औषध आहे. मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून डॉक्टरांनी ते मागे ठेवले होते. इतर औषधे थकली तेव्हा अतिदक्षता विभागातल्या रोग्यासाठी तोच शेवटचा आधार उरला. पण जनावरांच्या खाद्यात ते टनावारी जात होते. डुकरांना ते मुख्यतः हगवणीसाठी आणि वजन वाढावे म्हणून दिले जाई. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी जाहीर केले की, कोलिस्टिनला न जुमानण्याचा, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा गुण डुकरांत, बाजारातल्या मांसात आणि इस्पितळातल्या रोग्यांतही सापडला आहे. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वाटप बंद केले. फुप्फुसातला जंतू आणि आतड्यातला जंतू हे निराळे. पण खाद्यात मिसळलेले औषध फुप्फुसासाठी दिले तरी आतड्यातून जातेच, आणि शेणमुताबरोबर उकिरड्यात, शेतात, ओढ्यात उतरते. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे मरण पावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. यांत माणसांनी माणसांसाठी केलेल्या गैरवापराचा वाटा मोठा आहे. सगळे पाप डुकरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

काम करणाऱ्याला असलेला धोका तर सरळच आहे. डुकरांच्या घशात राहणारा स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जंतू हाताच्या जखमेतून माणसात शिरतो, मेंदूच्या आवरणाला सूज आणतो आणि वाचलेल्याला पुष्कळदा बहिरा करतो. २००५ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात अशा आजाराने दोनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि पस्तीसहून अधिक दगावले. त्यांतले बहुतेक आजारी किंवा मेलेले डुक्कर कापणारे, सोलणारे शेतकरी होते. हातमोजे आणि साबण यांची मागणी ही चैन नव्हे, हे एवढ्यावरून कळावे.

यावर कोणी म्हणेल, औषध आवरले तर धंदा बुडेल. डेन्मार्क हा डुकरांवर जगणारा देश आहे. वजन वाढविण्यासाठी खाद्यात औषध घालण्याची पद्धत तेथे १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली आणि २००० च्या सुमारास ती पूर्ण थांबली. आरंभी लहान पिलांत हगवण वाढली, उपचारासाठी औषध अधिक लागले, ही अडचण झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण १९९२ ते २००८ या काळात दर किलो मांसामागे औषधाचा वापर निम्म्याहून खाली आला, आणि डुकरांचे वार्षिक उत्पादन १ कोटी ८४ लाखांवरून २ कोटी ७१ लाखांवर गेले. त्यांनी पिलांना आईपाशी अधिक दिवस ठेवले, खाद्य बदलले, शेड सुधारली, आणि कोणी किती औषध वापरले याची नोंद सक्तीची केली.

माझ्या विषयाचा गाभा येथे आहे. मजुरांच्या वस्तीत एका खोलीत दहा-दहा जण निजताना मी पाहतो. खोकला सुरू झाला की मुकादम गोळ्यांची पाकिटे आणून वाटतो. खिडकी पाडा म्हटले तर खर्च निघतो. गोळी स्वस्त, खिडकी महाग! डुकराच्या शेडमध्येही हाच हिशेब चालतो. जागेची, हवेची आणि चाऱ्याची उणीव औषधाने भरून काढावयाची. ती उणीव औषधाने भरत नाही. उलट औषधच झिजते, आणि त्या झिजेची किंमत तो मालक देत नाही; ज्याच्या मुलाला उद्या ते औषध लागू पडणार नाही, तो देतो.

मग ज्याला डुकरे पाळावयाची आहेत त्याने काय करावे? शेड अशी असावी की आत उभे राहिल्यावर डोळ्यांतून पाणी येऊ नये; डोळे झोंबले तर समजावे की डुकराचे फुप्फुसही झोंबते आहे. जमीन कोरडी ठेवावी. बाजारातून आणलेले जनावर महिनाभर निराळे ठेवून मगच कळपात सोडावे. एका वयाची पिले एकत्र आणावीत, एकत्र विकावीत आणि मध्ये शेड धुऊन वाळू द्यावी, म्हणजे थोरल्यांचे जंतू धाकट्यांना मिळत नाहीत. पशुवैद्याच्या सल्ल्याने लस टोचावी. जनावर मेले तर शवविच्छेदन करून फुप्फुसाचा नमुना तपासणीला द्यावा. कोणते औषध त्या जंतूवर चालते, हे प्रयोगशाळा सांगते. औषध द्यावयाचे तर पशुवैद्याने सांगितले तेवढे, तितकेच दिवस, आजारी जनावराला. आणि ते दिल्यावर सांगितलेले दिवस भरेपर्यंत जनावर कापण्यासाठी विकू नये.

हे सारे सांगणे सोपे आहे, हे मी जाणतो. दोन डुकरिणींवर जगणाऱ्या कुटुंबाला प्रयोगशाळा कोठली? म्हणूनच नुसता उपदेश करून थांबणे मला योग्य वाटत नाही. प्रत्येक तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुवैद्याच्या सर्व जागा भरलेल्या असाव्यात, नमुना जिल्ह्याला पोहोचविण्याची सोय असावी, डुक्करवाल्याला तेथे गाय-म्हैसवाल्याइतकाच मान मिळावा, आणि अनुदान देताना शेडमधल्या हवेची अट घालावी. या मागण्या आहेत आणि त्या संघटितपणे मांडल्या पाहिजेत. माणसांच्या औषधांसाठीही कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून काही महत्त्वाची प्रतिजैविके डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. या कायद्याचा आग्रह ग्राहकाने धरला तरच तो जिवंत राहील.

आम्ही कामगार संपाला शेवटचे हत्यार म्हणतो. ते रोज उपसले तर बोथट होते, आणि उपसून अर्ध्यात टाकले तर समोरचा अधिक बळावतो. प्रतिजैविकांचेही असेच आहे. रोग जर अनेकांच्या भागीदारीने येतो, तर त्याच्याशी लढाही अनेक बाजूंनी द्यावा लागेल. हवा, जागा, स्वच्छता, अन्न आणि लस हे रोजचे काम. औषध हे शेवटचे. ते आपल्या नातवंडांच्या वेळेलाही धारदार राहावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.